हिरव्या चाऱ्याचा पंधरवडा

उजनीच्या पाण्याची शप्पत, तव्यावरच्या भाकरीवर हात ठेवून सांगते, ह्यातला शब्दन् शब्द खरा हाय. एक जरी खोटा निघाला तर माझ्या तोंडातलं उरलेलं तीन दात आत्ता हितं पडू द्या. पडलं का? न्हाय पडलं. मंग गुमान ऐका.

संजीवनीनं त्या बेस्तरवारी दुपारी मोहनरावांना फोन लावला, आन् फोनवर मोहनराव न्हवतं. झालं ते एवढंच. पर ती फोन कानाला लावून सर्व्हर रूममधी उभी राहिली ती उभीच राहिली, आन् तिच्या तळपायातनं एक गारवा वर चढाय लागला. तशी ती खोली मुळातच गार. बारामतीच्या एमआयडीसीत दुधाची डेअरी हाय, तिच्या पाठीमागच्या अंगाला ही खोली. एकदा जनरेटर सांभाळणाऱ्या गेणूतात्यानं दारात च्याचा कप ठेवला आन् जनरेटरला डिझेल घालून परत येतोय तवर च्या थिजून चमचा त्यात सरळ उभा राहिला, इतकी गार. कंप्युटरला उकाडा सोसत न्हाय. चोवीस कंप्युटर तितं दावणीला म्हशी बांधल्यागत वळीनं उभं असत्यात, त्याला डेटा सेंटर म्हणत्यात. आन् त्या चोवीस डोक्यांना एका कासऱ्यात धरून चालवणारं जे काय असतं ती ऑपरेटिंग सिस्टीम. ती डोळ्याला दिसत न्हाय. पर सुप्यापासनं डाळजपतोर दोनशे गावांत सकाळी दूध मापलं की किती लिटर, किती फॅट, सगळं हितं येतं, आन् हितनं होकार गेल्याबिगर एका टँकरचं झाकण उघडत न्हाय. अकरा वर्सं संजीवनी ह्या खोलीची मालकीण. आन् अकरा वर्सं, खोलीत काय बिघडलं की जिनं ती सिस्टीम इकली त्या कंपनीचा नंबर लावायचा, आन् पलीकडनं मोहनराव बोलायचं.

"मॅडम, या जुन्या सिस्टीमचा सपोर्ट कालपासून बंद झालाय," पलीकडची पोरगी म्हणली. आवाज गोड, साखरंच्या पाकातनं काढल्यागत.

"आन् मोहनराव?"

"ते आता आमच्याकडे नसतात. आणखी काही मदत हवी आहे का, मॅडम?"

मदत तर काय नको व्हती. एक बारका पिवळा दिवा लागला व्हता, तो कसा इझवायचा ते तिला ठावं व्हतं. तिनं फोन केला व्हता तो उगंच. सपोर्ट संपणार ह्याचं पत्र चार म्हयनं झालं टेबलावर व्हतं, तिनंच त्याच्यावर शिक्का मारून फायलीत लावलं व्हतं. पर पत्रात तारीख व्हती, माणूस न्हवता. त्या माणसाला तिनं कधी बघितलं न्हवतं. त्याचा खोकला तिला ठावं, त्याच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या ठावं, तिसऱ्या शिट्टीला तो "जरा एक मिनिट हं" म्हणून उठायचा ते ठावं. तोंड मातर दर वेळेला येगळं दिसायचं. कधी चष्म्याचं, कधी मिशीचं, एकदा तर तिच्या शाळंतल्या ड्रॉइंगच्या गुरुजींचं. आन् किती बी आग लागू द्या, त्यांचं पयलं वाक्य ठरलेलं. "आधी पाणी प्या, मॅडम. मग सांगा, लाल दिवा कुठला." पयल्यांदा तिला राग आला व्हता. हितं घर जळतंय आन् हा पाणी प्या म्हणतोय. पर पाणी प्यायलं की हात कापायचं थांबायचं, आन् हात थांबलं की दिवा दिसायचा.

तो दिवस तिला तितं उभ्या उभ्या आठवला, छबूबाईचा दिवस. नऊ वर्सं झाली. उन्हाळा व्हता, पहाटंलाच लाइट गेली. अशा वेळी बॅटऱ्या धा मिनिटं धरत्यात, तवर जनरेटर लागायचा असतो. त्या दिवशी डिझेलच्या नळीत कचरा अडकला, जनरेटर नुसता खोकला आन् गप बसला. बॅटऱ्या संपल्या. चोवीसच्या चोवीस कंप्युटर एकदम झोपलं. त्या खोलीतला घूं-घूं आवाज थांबला तवा तिला कळलं, की आपण तो आवाज ऐकत व्हतो. लाइट आली तरी कंप्युटर उठंनात. मोहनरावांनी फोनवरनं एकेकाला उठवलं, पयला, दुसरा, तिसरा, आजारी जनावराला खांदा देऊन उठवत्यात तसं, पाच तास. पर त्या पाच तासांत गावोगाव दूध उन्हात उभं राहिलं. दोन दिवसांनी संजीवनी डेअरीच्या साहेबांबरोबर सुप्याला गेली. तितं दूध-केंद्रावर छबूबाई नावाची एक बाई भेटली. कोरडवाहू रान, दोन गाया, वावरातनं केंद्रापतोर पायी येणारी. संजीवनीला वाटलं आता ही शिव्या देईल, आन् तिनं मान खाली घालून तयारी केली. बाई म्हणली, "तुजं काय चुकलं गं बाय? मशीनच ती. मी नासलेलं वताय गेले वड्यात, तर कुत्रं बी त्वांड लावंना, एवढंच वाईट वाटलं." आन् तिनं संजीवनीला गुळाचा खडा दिला. तो खडा संजीवनीच्या जिभंवर आजून हाय. ती गोड खात न्हाय तवापासनं. घरात सगळ्यांना वाटतं साखरंचा आजार हाय म्हून.

"मॅडम, सापडलात!" दारातनं यशराज आत आला, आन् ती फोन खाली घेऊन वळली. यशराज नव्या सिस्टीमच्या कंपनीचा इंजिनेर, पुण्याचा. पोरगं चांगलं, हसरं. बूट मातर असं लखलखीत की गेटावरच्या कोंबड्यानं त्यात सोताला बघितलं आन् दुसरा कोंबडा समजून अर्धा तास झुंज दिली. शेवटी वॉचमननं बुटांवर टॉवेल टाकून सोडवली. यशराजच्या हातात एक कागद व्हता. नव्या सिस्टीमची पंधरा दिवसांची ट्रायल संपली व्हती. जुनीच्या शेजारी नवी दावण लावलेली, चोवीस नवं कंप्युटर. खरं काम जुनी करायची, आन् तेच काम नवी नुसतं शिकल्यागत सोबत करायची. पंधरा दिवसांत नवी एकदा बी अडखळली न्हवती. कागदावर लिवलं व्हतं, सिस्टीम चालू कामासाठी पूर्ण तयार असल्याचे प्रमाणित करण्यात येते. खाली रेघ. रेघंखाली, जबाबदार अधिकारी.

मागनं अविराज साहेब आलं. डेअरीचं मॅनेजर, माणूस वाईट न्हाय, पर घाई त्यांच्या अंगात जन्मापासनं. "संजीवनीताई, सोमवारी संचालक येणार आहेत. त्यांच्यासमोर तुम्ही सही करायची, फोटो काढायचा, जुनी बंद. जुनीला आता विचारणारं कुणी उरलंय का? नाही ना?"

"नाही साहेब," ती म्हणली. आन् 'विचारणारं कुणी' ह्या शब्दाला तिला पुन्ना कुकरची शिट्टी ऐकाय आली.

"ह्यात काही अडचण येते का कधी?" तिनं यशराजला विचारलं. "म्हणजे, काही सवय, काही दोष?"

"झीरो, मॅडम! आणि आमचा सपोर्ट चोवीस तास. फोन करा, माणूस हजर." तो हसला. तिला त्या हसण्याचा आधार वाटाय पायजे व्हता. तिला वाटलं, ह्या पोराच्या आवाजामागं कुठलंच घर ऐकाय येत न्हाय.

सांच्याला ती स्कूटी काढाय गेली. जनरेटरच्या शेडात गेणूतात्या बसलं व्हतं, मांडीवर फडकं. गेणूतात्याचा जनरेटर सुरू झाला की मयूरेश्वरच्या रानातली हरणं चरायची थांबत्यात आन् बारामतीकडं त्वांड करून उभी राहत्यात, हे वनखात्याच्या माणसानं सोता सांगितलंय. नळीत कचरा अडकला त्या दिवसापासनं तात्या जनरेटरला बायकूपरीस जपायचं.

"काय संजूताई, नवीन पाव्हणी रूळली का?"

"रुळली म्हणायचं तात्या. पंधरा दिवसांत एकदा बी पडली न्हाय."

"पडंल कशी?" तात्याच्या तोंडावर असं सुख पसरलं, की लेकीच्या बाळंतपणाची खबर सांगतोय. "मी हाय न्हवं. आपला बेस्तरवार म्हंजी लायनीच्या कामाचा वार. सबस्टेशनवरचा वायरमन माजा जोडीदार, लाइट जायच्या आधी मला फोन करतो. मी आधीच जनरेटर लावून ठेवतो. बॅटरीवर सुदीक येऊ दिली न्हाय तिला. नवीन हाय, म्हणलं, लगीच धक्का नको. दोन्ही बेस्तरवार आसंच केलं. मधी चारदा आणिक गेली, तवा बी त्याचा फोन आधी आलता."

संजीवनी हसली. "लई केलं तात्या तुमी," म्हणली, स्कूटीला किल्ली लावली, आन् पेन्सिल चौकापतोर पोचायच्या आधीच तिच्या हसण्यातला जीव गेला. दुधाची पावडर करायच्या कारखान्यातनं जळक्या सायीचा वास येत व्हता, मोटरसायकली शेजारनं सुटत व्हत्या, दुसरी पाळी भरत व्हती. ती कडंला थांबली. पंधरा दिवस. पंधरा दिवस त्या सिस्टीमनं बारामतीची लाइट जाताना बघितलीच न्हाय. गेणूतात्यानं तिला उंबऱ्यातनं आत घेतली आन् तळहातावर वागवली, नव्या सुनंला पंधरवडाभर भांडं घासू देत न्हायत तशी. ह्या कागदावर पूर्ण तयार लिवलंय, ते तात्याच्या मायेवर लिवलंय. आन् तिनं तात्याला रागवायचं म्हणून त्यांचं त्वांड डोळ्यासमोर आणलं, तर ते त्वांड मोहनरावांचं झालं. पयल्यांदाच ते त्वांड नीट, पक्कं दिसलं. मंग तिला रागावता येईना.

शुक्कर गेला, शनवार गेला. सही करू नको म्हणणारं मन आन् करून टाक म्हणणारं मन, दोघं तिच्या ताटाला बसायची. सही केली न्हाय तर संचालकांसमोर साहेबांचा अपमान, अकरा वर्सांची नोकरी, आन् लोक म्हणणार बाई घाबरली, जुन्याला चिकटली. तिला सोताला बी तेच वाटायचं. आपण मशीनपायी अडलोय, का एका आवाजापायी? केली तर आपल्या नावाखाली छबूबाई. दोन्ही बाजूला वजन टाकून बघितलं तरी काटा थरथरतच राहायचा. रयवारी ती डाळजला घरी आली.

घराच्या मागं उजनीचं पाणी पाक बांधापतोर येतं. बाभळीखाली बाज, बाजंवर घोंगडी, घोंगडीवर तिचा बाप गंगाराम बसला व्हता, पाण्यातल्या लाल पायांच्या पक्ष्यांकडं बघत. आत आजी भाकऱ्या थापत व्हती. गंगारामचा जलम म्हशींच्या यापारात गेला. बारामतीच्या बाजारात तो उभा राहिला की म्हशी त्याला वळखून माना हलवायच्या. संजीवनी बाजंच्या पायथ्याला बसली. लहानपणी बसायची तशी, गुडघं पोटाशी घेऊन.

"आबा, एका कागदावर सही करायची हाय."

"कसला कागुद?"

तिनं सांगितलं. सिस्टीम, ट्रायल, गेणूतात्या, सगळं. पाण्यावरनं वारा आला, बाभळीची शेंग घोंगडीवर पडली. गंगारामनं शेंग उचलली.

"त्या इकणाऱ्यानं खोड कंची सांगितली?"

"न्हाय म्हणतोय. काय खोड न्हाय."

"मंग सोड," गंगाराम म्हणला. "बिनखोडीचं जनावर मी आजून बघितलं न्हाय. इकणाऱ्यानं आधी खोड सांगायची आसती, संजू. आन् ज्याला सोताला ठावं न्हाय, त्यानं जनावर कधी उपाशी ठेवून बघितलंच न्हाय. बाजारात आणायच्या आधी पंधरा दिवस हिरवा चारा घातला तर कुठली म्हस बी देवगाय दिसती."

आन् तिला आठ वर्सांची सोता दिसली. बाजार, धुरळा, शेणाचा ओला वास, हातात कासरा. बापानं आणलेली म्हस काळीभोर, देखणी; गिऱ्हाईक खुळं झालेलं. आन् बाप त्याला सांगतोय, "पाव्हणं, डाव्या अंगाला बसू नगा, लाथ मारती. आन् धार काढताना बाईमाणसानं काढली तरच पान्हा सोडती." बाकीचं यापारी फिदीफिदी हसलं. 'गंगारामला इकायची हाय का पाळायची?' लाजंनं तिचं कान लाल झालं व्हतं. आपला बाप येडा हाय, असं वाटलं व्हतं. गिऱ्हाइकानं म्हस घेतली. म्होरं वीस वर्सं तो माणूस दुसऱ्या कुणाकडनं जनावर घ्यायला गेला न्हाय. हे तिला ठावं व्हतं. ती फकस्त इसरली व्हती. आत भाकरी थापायचा आवाज थांबला व्हता. पक्षी एकदम उडालं, पाणी मोकळं झालं, आन् तिला भूक लागली.

सोमवारी संचालक आलं, हार आलं, पेढं आलं. अविराज साहेबांनी पेनाचं टोपण काढून पेन तिच्या हातात दिलं. तिनं टोपण परत लावलं.

"यशराज, हिची खोड सांगा."

"खोड?"

"दोष. एक तरी."

"मॅडम, खरंच काही नाही."

"मग आपण बघू. जुनी चालू राहू दे, दुधाला धक्का नाही. नवीची लाइट बंद करायची. बॅटरीसकट. जनरेटर लावायचा नाही. पाच मिनिटांनी लाइट परत द्यायची, आणि कुणी हात लावायचा नाही. ती आपली आपण उठली, तर मी इथंच सही करते."

"संजीवनीताई!" साहेबांचा आवाज चढला. "पंधरा दिवस काय केलं मग आपण?"

"पंधरा दिवस आपण तिला हिरवा चारा घातला, साहेब."

पुढारी माणसं, म्हशीचं बोलणं त्यांना लगीच कळलं. एक म्हातारं संचालक, मिशा पांढऱ्या, खुडचीत म्होरं सरकलं. "ठेवा बगू उपाशी," म्हणलं.

नवीचा मेन स्विच गेणूतात्याच्या ताब्यात. संजीवनी त्यांच्यापाशी गेली. तात्यानं तिच्याकडं बघितलं, आन् त्यांना सगळं एका दमात उमगलं. आपण काय केलं ते. स्विचवरचा हात मागं घेतला. "पोरी, मी चांगल्यासाठी..."

"तात्या, तुमच्यावानी जपणारं मला कुणी मिळायचं न्हाय. पर तुमी कधी रजेवर गेला तर? वढा खाली."

त्यांनी डोळं मिटून स्विच वढला. नव्या दावणीचा आवाज थांबला. तीच शांतता, नऊ वर्सांनी. फकस्त ह्या येळेला शेजारी जुनी घूं-घूं करत व्हती, म्हातारं माणूस जागं असल्यागत. पाच मिनिटं. लाइट आली. पयला कंप्युटर उठला, दुसरा, तिसरा. यशराज हसाय लागला. सात उठलं. आठवा उठंना. नववा उठंना. सतरा कंप्युटर लाल दिवा लावून तसंच बसलं, पावसात बसलेल्या म्हशीगत, हूं न्हाय का चूं न्हाय.

यशराजनं आपल्याच कंपनीच्या सपोर्टला फोन लावला. फोनमधनं पेटी वाजली. पेटी थांबली, पोरगी म्हणली तुमचा फोन आमच्यासाठी मोलाचा हाय, आन् पुन्ना पेटी. वीस मिनिटं. पोराच्या कपाळावर त्या गार खोलीत घाम फुटला. साहेब तोंड फिरवून खिडकीकडं उभं. संजीवनीला वाटलं व्हतं आपल्याला आत कुठंतरी बरं वाटंल. न्हाय वाटलं. तिला त्या लखलखीत बुटांवरचं दोन घामाचं थेंब दिसलं. तिनं सोताची बाटली उघडून त्याच्या म्होरं धरली.

"आधी पाणी प्या," ती म्हणली. "मग सांगा, पहिला लाल दिवा कुठला."

तो प्याला. त्याचा हात थांबला. मंग दोघं खाली फरशीवर मांडी घालून बसली, आन् तासाभरात सापडलं. लाइट एकदम जाऊन आली, की दूध-लिटराच्या नोंदी ठेवणाऱ्या डिस्का उशिरा जाग्या होत्यात. जुनी सिस्टीम त्यांच्यासाठी थांबायची. नवी थांबत न्हाय. हाक मारती, वो आली न्हाय की रुसून बसती. बस, एवढीच खोड. यशराजनं तोच कागद उलटा केला, आन् मागं सोताच्या अक्षरात लिवून काढली. वर लिवलं, 'खोड'. खाली सही केली. त्यानं. पयल्यांदा इकणाऱ्यानं.

संजीवनीची सही दीड म्हयन्यांनी झाली. नवीला थांबायला शिकवल्यावर, आन् तिनं तीन बेस्तरवार जनरेटरबिगर काढल्यावर. साहेब आठ दिवस बोललं न्हायत, नवव्या दिवशी त्यांनीच च्या सांगितला. यशराज आता फोन उचलताना काय म्हणतो, ते तुमी वळखलं आसंल. परवा संजीवनीनं लावला तवा मागनं कुकरची शिट्टी बी ऐकाय आली. पोराचं लगीन झालंय. तुमाला वाटंल, शेवटाला मोहनरावांचा बी फोन आला आसंल. न्हाय आला. तसलं खोटं मी सांगत न्हाय.

थिजलेला च्या खरा. बुटावर झुंजणारा कोंबडा खरा, हरणं खरी. सुप्याला जाऊन इचारा. एकच गोष्ट माजी हाय. त्या रयवारी गंगाराम बाजंवर न्हवता. त्याला जाऊन दोन वर्सं झाल्यात. तो बोलला ते त्याचंच, बाजारात धा येळा बोललेलं, शब्द मी बदलला न्हाय. पर त्या दिवशी बाभळीखाली ती एकटीच बसली व्हती, रिकाम्या घोंगडीकडं त्वांड करून, व्हट हालत व्हतं. मी आतनं भाकरी थापायची थांबून बघत व्हते. एवढ्या मोठ्या सहीला लेकरू एकलं कसं धाडू? म्हून माझ्या पोराला मी उठवून तितं बसवला.